कापसाच्या खोलीतला बँड

तू ‘दादा’ म्हणून लिहिलंस, म्हणून मीही मोकळेपणानं लिहितो. तुझा प्रश्न मला कळला तो असा. दिग्रसच्या बाजूचं खेडं, अकरावीतली चार पोरं. एक साधी गिटार, एक जुना कीबोर्ड, ढोलकी चांगली वाजवणारा एक मित्र आणि गाणारा तू. वडिलांचं गोडाऊन आहे, पण तिथं वाजवलं की सगळा आवाज एकात एक मिसळतो आणि शब्द कळत नाहीत. चौघांचे मिळून वीस हजार रुपये जमतील. त्यात काय घ्यावं, लाईन सारखी जाते त्याचं काय करावं, गाणी कोणत्या भाषेत बसवावी, आणि खेड्यात रॉक बँड काढला तर कोणी ऐकेल का.

गेली सव्वीस वर्षं मी साऊंडचं काम करतो. लग्नं, कीर्तनं, भीमजयंती, दुर्गोत्सव, दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं, सगळं केलं. रविवारी पोरांना गिटार शिकवतो. पण तुझा प्रश्न वाचल्यावर मला आठवली ती दारव्हा तालुक्यातली आमच्या मोठेबाबांची कापसाची खोली. १९९३च्या दिवाळीपासून १९९५च्या बारावीच्या परीक्षेपर्यंत आमचा बँड त्या खोलीत होता. पुढे साऊंडमध्ये मी जे शिकलो त्याची सुरुवात तिथलीच.

खोली बारा फूट बाय वीस फूट. मातीच्या दीड हात जाड भिंती, सागाचे मयाल म्हणजे आडव्या तुळया, वर टिन. वेचणी सुरू झाली की कापूस त्या खोलीत पडायचा. तेव्हा एकाधिकार खरेदीचा काळ होता, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागे, खरेदी केंद्रावर बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा लागत, म्हणून मोठेबाबा फाल्गुनापर्यंत कापूस घरातच ठेवत. मागच्या बाजूला मयालापर्यंत कापूस आणि दाराकडची सात-आठ फूट जागा आमची. मी गिटार वाजवायचो. चुलतभावाकडे दुसरी गिटार होती, तिच्या वरच्या दोन बारीक तारा काढून तो चार जाड तारांवर बास वाजवायचा. किराणा दुकानवाल्याचा पोरगा ड्रमला. त्याच्याकडे लग्नाच्या बँडपार्टीचा एक जुना साईड ड्रम होता, आणि पायाशी दुकानातलं चहाचं रिकामं प्लायवूडचं खोकं. टाच खोक्यावर मारली की ‘धप्’ असा भरीव आवाज यायचा. चौथा गाणारा. तो लहानपणापासून भजनात बसलेला, आवाज मोकळा.

रॉक आमच्यापर्यंत केबलनं आलं. दारव्ह्याला चुलतभावाच्या मामाकडे स्टारवर एमटीव्ही दिसायचा, शनिवारी आम्ही सायकलनं जाऊन बघायचो. नागपूरला कोणी जात असेल तर सीताबर्डीवरून कॅसेट आणायला सांगायचो. एकच कॅसेट चौघांत फिरायची.

मोठेबाबांची अट एकच होती. “या खोलीत वायर आनली तं सारं सामान इहिरीत टाकून देईन.” अट बरोबर होती. सुट्या कापसावर ठिणगी पडली की वरून काही दिसत नाही, आत धुमसत राहतं, आणि कळतं तेव्हा खोली गेलेली असते. तुझ्या गोडाऊनमध्ये कापूस असेल तोवर तूही वीज आत नेऊ नकोस, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा नाही. आमचा बल्ब बाहेर ओसरीत लटकलेला असायचा आणि खिडकीतून जेवढा उजेड येईल तेवढ्यात आम्ही वाजवायचो.

त्यामुळे पहिला सगळा हंगाम आम्ही विजेशिवाय वाजवला. आज मला वाटतं की आमच्या बँडच्या वाट्याला आलेली ती सगळ्यात मोलाची गोष्ट होती. कापूस आवाज खातो. कॉर्ड वाजवला की तारेवरून हात उचलायच्या आत आवाज संपलेला असायचा. मागे घुमणं नाही, लांबणं नाही. ड्रमवाला केसभर मागे पडला तरी चौघांना कळायचं, कारण चूक झाकायला खोलीत काहीच शिल्लक नसायचं. आणि माईक नसल्यामुळे गाणाऱ्याचा गळा हीच आवाजाची मर्यादा. त्याचे शब्द ऐकू येईनात की आपण जोरात वाजवतोय, एवढं गणित आपोआप बसलं.

तारा जुळवायला आमच्याकडे ट्यूनर नव्हता. भजनी मंडळाची पेटी होती. हे तुलाही कामाला येईल, म्हणून नीट सांगतो. गिटारच्या सहाही तारा पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लागतात. पांढरी एक म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची, तिथून उजवीकडे मोजायचं. सगळ्यात जाड तार खालच्या सप्तकातली पांढरी तीन, तिच्या शेजारची त्याच सप्तकातली पांढरी सहा. मग मधल्या सप्तकातल्या पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि सगळ्यात बारीक तार वरच्या सप्तकातली पुन्हा पांढरी तीन. पेटी जुनी असेल तर तिचे सूर थोडे सरकलेले असतात. असू दे. तुझा कीबोर्ड सोडून बाकी सगळी वाद्यं एकाच पेटीवर लावली की ती आपसांत जुळतात. कीबोर्ड सोबत असेल तर मात्र सगळ्यांनी कीबोर्डवरच लावायचं, कारण त्याचे सूर पक्के असतात.

पेटी ज्यांच्याकडे असायची ते भजनी मंडळातले एक म्हातारे. आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणायचो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी मोझरीला समोर बसून ऐकली होती आणि स्वतः खंजिरी फार सुरेख वाजवायचे. एका संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेसाठी पेटी परत न्यायला ते खोलीत आले. आम्ही गाणं थांबवलं नाही. ते कापसाच्या ढिगाला टेकून बसले, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, “पोट्टेहो, सारे बोलून राह्यले. आयकून कोन राह्यलं?”

मग त्यांनी आम्हाला एक खेळ लावून दिला. तो मी आजही प्रत्येक नव्या बँडकडून करून घेतो. गाणं चालू ठेवायचं. दर फेरीला एकानं हात थांबवायचा आणि बाकीच्यांनी पुढे जायचं. फेरी संपली की थांबलेल्यानं सांगायचं, मला काय ऐकू आलं. सुरुवातीला आम्ही म्हणायचो, “सगळं बरोबर आहे.” आबाजी म्हणायचे, “बरोबर हाय का नाई हे नाई इचारलं. काय आयकू आलं ते सांग.” हळूहळू सांगता यायला लागलं. कडव्याच्या शेवटी बास घाई करतो. गाणारा श्वास घेतो तिथंच मी जोरात मारतो, म्हणून पुढचा शब्द बुडतो. खेळाचा दुसरा भाग ड्रमवाल्यासाठी होता. त्यानं चार आवर्तनं पूर्ण गप्प बसायचं आणि पाचव्याच्या समेवर बरोबर यायचं. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वेळी चुकला. महिन्याभरात त्याला सम अशी सापडायला लागली की आम्हीच त्याच्या येण्यावर भरवसा ठेवायला लागलो. आबाजींनी त्याला एक खंजिरीही दिली. ती आम्ही बांबूच्या काडीला बांधून ड्रमशेजारी उभी केली. झांजांचा तो बारीक खळखळाट आमच्या प्रत्येक गाण्यात आहे.

मार्चमध्ये कापूस गेला. बंड्या भरल्या, केंद्रावर गेल्या आणि खोली झाडून लख्ख झाली. अकरावीची परीक्षा आटोपली. एप्रिल १९९४ होता. पक्कं आठवतं, कारण त्याच महिन्यात आमच्या शकुंतलेचं, म्हणजे दारव्ह्यावरून जाणाऱ्या छोट्या रेल्वेचं, वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं आणि आम्ही ते बघायला स्टेशनवर गेलो होतो. कापूस नसल्यामुळे मोठेबाबांनी वायर आणायची परवानगी दिली. आम्ही मंडपवाल्याकडून एक जुना अहुजाचा अॅम्प्लिफायर आणि एक स्पीकरची पेटी आणली. माझ्या गिटारच्या ब्रिजखाली बझरमधून काढलेली पिझोची चकती, म्हणजे थरथरीची वीज करणारी पातळ चकती, चिकटवली. तिची वायर टू-इन-वन टेपरेकॉर्डरच्या माईकच्या भोकात घातली आणि रेकॉर्ड व पॉज ही दोन्ही बटणं एकदम दाबून ठेवली. तशानं टेपरेकॉर्डरचा आतला भाग त्या आवाजाला पुरा पडत नाही, आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज अॅम्प्लिफायरमधून बाहेर आला की अगदी टीव्हीवरच्या गिटारसारखा वाटायचा. पहिला कॉर्ड वाजला तेव्हा आम्ही चौघंही ओरडलो होतो. तो आनंद मी अजून विसरलो नाही.

पंधरा मिनिटांत भांडण झालं.

काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे आवाज प्रचंड होता, पण कोण काय वाजवतोय ते कळत नव्हतं. मी आवाज वाढवला, म्हणून ड्रमवाल्यानं जोर लावला, म्हणून गाणारा ओरडायला लागला. चुलतभाऊ मला म्हणाला, तू घाई करून राह्यला. मी ड्रमवाल्याला म्हणालो, तू चुकून राह्यला. चार महिने आम्ही समजत होतो की आपल्याला जमलं, आणि आता एकही गाणं शेवटापर्यंत जाईना. ड्रमवाला साईड ड्रम काखेत मारून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आबाजींना बोलावलं. त्यांनी गाणं ऐकलंच नाही. खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ असा आवाज भिंतीभिंतीवरून धावला. मग ते शेजारच्या, गाद्या रचून ठेवलेल्या खोलीत गेले आणि तिथं टाळी वाजवली. ती जागच्या जागी संपली. परत येऊन म्हणाले, “कापूस होता तवा आवाज खाये. आता भित्ती वापस फेकून राह्यल्या.”

हे माझ्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. समोरासमोरच्या दोन कडक, सपाट भिंती असल्या की आवाज त्यांच्यामध्ये चेंडूसारखा जातो-येतो. आवाजाला सेकंदाला साधारण ३५० मीटर जाता येतं, म्हणजे वीस फुटांवरची भिंत तुमचा आवाज सेकंदाच्या तिसाव्या भागात परत आणून देते, आणि ती काही एकदाच देत नाही. ड्रमचा एक ठोका संपायच्या आत त्याच्या दहा-बारा नकला खोलीत फिरत असतात. त्यात पुढचा ठोका पडतो. शब्दांतली व्यंजनं सगळ्यात आधी बुडतात, म्हणून गाणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. तुझ्या गोडाऊनमध्ये हेच होतंय. तुमच्यापैकी कोणाची चूक आहे असं समजून आपसांत भांडू नका. आधी टाळी वाजवून बघा.

आम्ही मग आईकडून, काकूंकडून जुन्या गोधड्या मागून आणल्या. त्या भिंतीला चिकटवून ठोकल्या असत्या तर अर्धाच उपयोग झाला असता. आम्ही बांबू आडवे बांधून त्या भिंतीपासून वीतभर पुढे लटकवल्या. मध्ये हवेची पोकळी राहिली की जाड आवाजही थोडा पकडला जातो. अगदी खालचा, बासचा आवाज पातळ कापडाला दाद देत नाही, त्याला जाडी लागते. त्यासाठी तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेली पोती दोन कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत रचली. दोन संध्याकाळी गेल्या. मग मी किराणा दुकानात जाऊन ड्रमवाल्याला घेऊन आलो आणि वाजवायच्या आधी त्याला टाळी वाजवायला लावली. तो हसला आणि खोक्यावर बसला.

तुझं गोडाऊन किती मोठं आहे ते लिहिलं नाहीस. मोठं असेल तर सगळं भरायच्या मागे लागू नका. एका बाजूला बारा-पंधरा फुटांची जागा धरा आणि तिच्या तीन बाजूंना गाद्या, गोधड्या, भरलेली पोती उभी करा. ड्रम किंवा ढोलकी अगदी कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो. एकमेकांकडे तोंड करून गोल बसा. कुटाराची पोती वापरलीत तर उंदीर आणि धूळ बघत राहा, आणि त्यांच्याजवळून वायर नेऊ नका, कुटारही पेटतं.

अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला तुला कोणी ना कोणी देईल. त्यात वेळ घालवू नकोस. पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही. आणि आत गोधड्या लावल्यानं बाहेर जाणारा आवाज थांबतो असंही नाही. बाहेरचा आवाज वजनानं थांबतो. आमच्या मातीच्या जाड भिंतींमधून शेजाऱ्यांना फारसं काही जात नसे, जे जायचं ते वरच्या टिनातून आणि दाराच्या फटीतून. तुझ्याकडेही टिन असेल तर दुपारची वेळ धर आणि शेजारच्यांना आधी जाऊन सांग. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. हे तोंडपाठ असू दे. उद्या स्टेजवर जाल तेव्हा लागेल.

आता विजेचं. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

१९९४च्या पावसाळ्यात आमच्या गाणाऱ्याचा ओठ माईकला लागला आणि तो मागे फेकला गेला. शेणानं सारवलेली ओली जमीन, पायात काही नाही, आणि अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन आम्हीच काढून टाकली होती, कारण बोर्डाला दोनच भोकं होती. अॅम्प्लिफायरच्या बॉडीत उतरलेला करंट माईकच्या जाळीतून त्याच्या ओठात आणि तिथून पायातून जमिनीत गेला. तो वाचला. नुसता ओठ भाजला. दोन दिवस मी त्याच्या आईसमोर गेलो नाही.

म्हणून वीस हजारांतला पहिला खर्च मिस्त्रीवर कर. गोडाऊनच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घे. करंट माणसातून जमिनीत जायला लागला की ती सेकंदाच्या लहानशा भागात लाईन तोडते. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट करून घे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा. सगळ्या बँडचं सामान एकाच बोर्डावर लाव. गिटार आणि माईक वेगवेगळ्या बोर्डांवर असतील, तर गिटारच्या तारा आणि माईकची जाळी एकाच वेळी ज्याच्या अंगाला लागते त्याला दोन बोर्डांच्या विजेतल्या फरकाचा झटका बसू शकतो. पायात कोरडी चप्पल असू दे. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघ.

लाईन जाते याचं मात्र दुःख करू नकोस. आठवड्यातले दोन दिवस तर लाईन असतानाही बंद ठेवून वाजवा. बिनविजेचं जे गाणं उभं राहत नाही, ते अॅम्प्लिफायर लावूनही उभं राहत नाही.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्याकडे बरंचसं आहे. क्लिपचा ट्यूनर आणि तारांचे दोन सेट. एक बरा डायनॅमिक माईक. वीस-तीस वॉटचा एक अॅम्प्लिफायर, शक्यतो असा की ज्यात गिटार आणि माईक दोन्ही जातील. ड्रमसेट घेऊ नका. ढोलकीवाल्यासाठी सुताराकडून काहोन करून घ्या. मूळ पेरू देशातलं वाद्य, म्हणजे बसून वाजवायचं लाकडी खोकं. उंची दीड फूट, लांबी-रुंदी एकेक फूट, समोरचं प्लाय तीन-चार मिलिमीटरचं, मागे हाताचा पंजा जाईल एवढं भोक. त्याची बोटं ढोलकीवर तयार झालेली आहेत, तो पंधरा दिवसांत पकडेल. गिटारला पिझो चिकटवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. त्याला जास्त इम्पीडन्सची, साधारण एक मेगाओहमची इनपुट लागते, माईकच्या साध्या भोकात त्याचा आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. उरलेले पैसे ठेवून द्या, तार तुटतेच.

आणि गिटार उन्हाळ्यात टिनाखाली ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या खोलीत माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त होतं, डिंक मऊ पडतो आणि तारांच्या ओढीनं ब्रिज उचलून येतो. माझी पहिली गिटार अशीच गेली. कोठीतल्या धान्याजवळ, खालच्या गार भिंतीशी ठेवा, आणि जास्त दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा.

आमचा पहिला कार्यक्रम गावातल्या दुर्गोत्सवात झाला, ऑक्टोबर १९९४. मांडवात भोंगे होते. चुलतभावाची बास गिटार आम्ही सरळ त्या भोंग्यांवर सोडली. दुसऱ्या गाण्यात एक भोंगा खरखरला आणि बंद झाला, मग दुसरा. दोन्हींची युनिटं जळाली होती. भोंगा बोलण्यासाठी, मधल्या सुरांसाठी केलेला असतो. खालचा आवाज त्याच्या नळकांड्यात पकडला जात नाही, आतला पातळ पडदा नुसताच मोकळा हलत राहतो आणि तुटतो किंवा जळतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन युनिटांचे पैसे आम्ही चौघांनी त्या हंगामात मोठेबाबांच्या आणि इतरांच्या शेतात कापूस वेचून फेडले. मंडपवाल्यानं शेवटचे पैसे घेतले आणि म्हणाला, सुट्टीत कामाला ये, शिकवतो. मी गेलो. म्हणून सांगतो, भोंगे असतील तर बास आणि काहोन त्यात सोडू नका. नुसता गळा सोडा, बाकीचं स्टेजवरून जेवढं ऐकू जाईल तेवढं पुरे.

भाषेचा प्रश्न तू शेवटी विचारलास, पण माझ्या मते तो सगळ्यात मोठा आहे.

गॅरेज रॉक हे नाव अमेरिकेतल्या १९६०च्या दशकातल्या पोरांवरून पडलं. घरी मोटारीचं गॅरेज असायचं, तिथं वाजवायची. शिकलेले वादक नव्हते, तीन-चार कॉर्डवर गाणी उभी करायचे. पोर्टलंडच्या द किंग्जमेन या बँडनं १९६३ मध्ये ‘लुई लुई’ हे गाणं रेकॉर्ड केलं, सगळं मिळून तीन कॉर्ड: ए, डी आणि ई मायनर. माईक वर छताकडे टांगलेला होता, गाणाऱ्याला मान वर करून ओरडावं लागलं, आणि शब्द इतके अस्पष्ट आले की त्यात अश्लील काही आहे का याची एफबीआयनं चौकशी केली. शेवटी शब्द कळतच नाहीत असं ठरलं. आपल्या देशातही १९७० आणि ७१ मध्ये शिमला बीट नावाची स्पर्धा झाली, तरुण बँडची गाणी तिच्या रेकॉर्डवर आली, बहुतेक इंग्रजी. आम्हीही पहिली चार गाणी इंग्रजीच बसवली. शब्द ऐकून-ऐकून देवनागरीत लिहून काढायचो, अर्थ अर्धाच कळायचा. गावातले लोक दारात येऊन ऐकायचे आणि दोन मिनिटांनी निघून जायचे.

१९९४च्या मार्चमध्ये आमच्या गाणाऱ्याचे वडील कापूस केंद्राच्या रांगेत तीन रात्री होते. हा डबा घेऊन जायचा. परत आला की काही बोलायचा नाही. एका संध्याकाळी तो दोन ओळी म्हणाला:

बंडी उभी रांगेत, बाप झोपला बंडीखाली
तीन राती गेल्या माय, बारी नाही आली

मी ई मायनर धरला आणि तिथून सरकलोच नाही, एका कॉर्डवर जवळजवळ सगळं कडवं. फक्त ‘बारी नाही’ला ए, ‘आली’ला परत. ड्रमवाल्यानं खोक्यावर बैलाच्या चालीएवढा ठोका धरला. त्या दिवशी दारात उभा असलेला कोणीच गेला नाही. मोठेबाबा ओसरीत बसले होते, त्यांनी विडी विझवली.

आपल्या वऱ्हाडीत ‘मले’, ‘तुले’, ‘राह्यलो’, ‘गेलतो’ असे शब्द आहेत, त्यांच्या शेवटी स्वर मोकळा सुटतो. गाताना तो लांबवता येतो, ठोक्यावर टाकता येतो. रॉकच्या सरळ चार मात्रांत ही बोली फार छान बसते. कॉलेजच्या भाषेत लिहायचा प्रयत्न करू नकोस. घरी जसं बोलतोस तसं लिही. गाण्याचा सूर तुझ्या गळ्याला सोपा असेल तिथं धर, गिटारवाल्याला कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा, लावायला सांग. हिंदी-इंग्रजी गाणी जरूर वाजवा, शिकायला ती चांगली आहेत. पण तीन गाण्यांमागे एक स्वतःचं असू दे.

लोक ऐकतील का, याचं उत्तर मी माझ्या गावापुरतं वर दिलंय. तुझ्या गावातले लोक रात्र-रात्र भजन ऐकतात, भीमगीतं ऐकतात, कव्वाली ऐकतात. त्यांचा कान तयार आहे. त्यांना शब्द ऐकू जाऊ दे.

एक गोष्ट लगेच करून ठेव. आमच्या दुसऱ्या हंगामात, जानेवारी १९९५ मध्ये, खोली पुन्हा कापसानं भरली होती. वायर बंद. टू-इन-वनमध्ये सहा मोठे सेल टाकले, तो दोरीनं मयालाला गाणाऱ्याच्या डोक्यापासून दोन हात वर टांगला आणि आम्ही आमची तीन गाणी एका दमात वाजवली. ती कॅसेट अजून वाजते. सगळे शब्द कळतात, खंजिरीची एकेक झांज मोजता येते. तुमच्याकडे मोबाईल आहे. यंदाचा कापूस गोडाऊनमधून जायच्या आधी मोबाईल वर टांगा, विमान मोडवर टाका, बॅटरी भरून घ्या आणि एक गाणं पूर्ण रेकॉर्ड करा, मध्ये चुकलं तरी थांबू नका. आमच्या तिसऱ्या गाण्यात गाणारा एक ओळ विसरला आहे आणि बाकी तिघं ती फेरी तशीच वाजवत त्याची वाट बघतात. तो पुढच्या समेवर बरोबर येतो. गाणं संपतं, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग आबाजींचा आवाज आहे, “हं. आता आयकू आलं. पुन्हा एक डाव वाजवा.”